हिवाळा म्हणजे बर्फ नव्हे

ऑक्टोबरअखेर घड्याळं एक तास मागे गेली की ब्रिटनमधल्या मराठी मंडळींत एक सल्ला फुकट वाटला जातो. दिवाळीच्या कार्यक्रमात नव्याने आलेला एखादा मुलगा विचारतो, "थंडीसाठी गाडीचं काही करून घ्यावं लागतं का?" आणि इथे पंधरा-वीस वर्षं काढलेले कुणी काका त्याला ठामपणे सांगतात, "अरे, काही नाही लागत. इथे बर्फ पडतोच कुठे? वर्षातून दोन दिवस. ते दोन दिवस घरी बसायचं." काकांच्या आपुलकीबद्दल मला शंका नाही. पण सल्ला चुकीचा आहे, आणि ज्यांना तो दिला जातो त्यांना तो महागात पडू शकतो.

त्याच मुलाला दुसरा सल्ला बाजार देतो. विंटर टायरचा अख्खा संच घ्या, गॅरेजचं हिवाळी पॅकेज घ्या, डिकीत ठेवायची तयार पेटी घ्या. बेरीज पाचशे-सहाशे पौंडांच्या घरात सहज जाते. ज्याची दहा वर्षं जुनी गाडीच दोन हजारांची आहे आणि ज्याच्या नव्या लायसन्सवर विम्याचा हप्ता आधीच गाडीच्या निम्म्या किमतीला जाऊन भिडला आहे, तो हा आकडा ऐकून गप्प बसतो आणि मुकाट्याने काकांच्या सल्ल्याकडे परत येतो. म्हणजे एकाने काही करू नको म्हटलं, दुसऱ्याने सगळं कर म्हटलं, आणि दोन्हींचा परिणाम एकच झाला: गाडी जुलैत होती तशीच डिसेंबरात रस्त्यावर उतरली.

काका आणि बाजार, दोघेही हिवाळा बर्फाने मोजतात. काकांना बर्फ कमी दिसतो म्हणून ते निश्चिंत असतात, बाजार बर्फाचं चित्र दाखवून माल विकतो. ब्रिटनच्या बहुतेक भागांत गाडीवाल्याचा हिवाळा असतो तो अंधाराचा, ओल्या रस्त्याचा, काचेवरच्या दंवाचा आणि थंडीने गारठलेल्या बॅटरीचा. हा हिवाळा दोन दिवसांचा नाही, चांगला चार-साडेचार महिन्यांचा आहे. आणि त्याची तयारी एका टाकीच्या पेट्रोलपेक्षा कमी पैशांत होते.

लंडनमध्ये डिसेंबरच्या मध्यावर सूर्य चारच्या आतच मावळतो आणि सकाळी आठच्या सुमाराला उगवतो. ॲबरडीनला तो साडेतीनच्या सुमाराला गेलेला असतो. म्हणजे नऊ ते पाच नोकरी करणाऱ्याचा घरी येण्याचा सगळा प्रवास अंधारात, आणि लवकरच्या पाळीवर जाणाऱ्याचा सकाळचाही. हवेचं तापमान शून्याखाली उतरतं असे दिवस देशाच्या सरासरीत वर्षाला पन्नासच्या आसपास भरतात. त्यातल्या बहुतेक दिवशी बर्फाचा कणही पडत नाही. रात्री आभाळ मोकळं असतं, पहाटे काच पांढरी होते, आणि वळणावर झाडाच्या सावलीतला ओला पट्टा गोठून काळ्या डांबरासारखाच काळा दिसत राहतो. काकांच्या दोन दिवसांच्या हिशेबात या पन्नास पहाटा कुठेच नाहीत.

ओल्या रस्त्याचा हिशेब तर सरकारी पुस्तकातच आहे. हायवे कोडप्रमाणे ताशी ३० मैलांच्या वेगात कोरड्या रस्त्यावर गाडी पूर्ण थांबायला २३ मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर हे अंतर किमान दुप्पट धरा, असं तेच पुस्तक सांगतं, आणि गोठलेल्या रस्त्यावर दहापटही होऊ शकतं. हे अंतर चांगल्या टायरच्या, चांगल्या ब्रेकच्या गाडीचं आहे. गोटा झालेल्या टायरवर काय होत असेल याचा अंदाज पुण्या-मुंबईच्या पावसात दुचाकी चालवलेल्या कुणालाही करता येईल.

आपल्याला ही गोष्ट परकी वाटू नये. कोकणात आगोटी जवळ आली की कौलं फिरवतात, लाकडं आत घेतात, मीठ-मिरची भरून ठेवतात. पाऊस दाराशी आल्यावर कुणी कौलांवर चढत नाही. घाटात गाडी घालणारा माणूस जूनच्या आधी वायपरची रबरं बदलतो आणि टायर बघून घेतो. तेच शहाणपण हीथ्रोला उतरल्यावर विमानातच का राहून जातं, हे मला कळत नाही.

आता "घरी बसायचं" या भागाकडे येते, कारण सगळ्यात जास्त राग मला त्याचा येतो. हायवे कोडही खराब हवेत गरजेचा नसेल तर प्रवास करू नका असंच म्हणतो. सल्ला म्हणून तो बरोबरच आहे. पण घरी बसणं ही सोय कुणाला आहे? ज्याचं काम लॅपटॉपवर चालतं त्याला. गेल्या काही वर्षांत इथे आलेल्या आपल्या कितीतरी मुली-मुलं केअरच्या कामात आहेत, वृद्धांच्या घरी जाऊन त्यांना उठवणं, अंघोळ घालणं, औषध देणं हे त्यांचं काम. पहिली भेट सकाळी साडेसहा-सातला, त्यानंतर दिवसभरात आणखी आठ-दहा घरं, प्रत्येक दोन घरांमध्ये काही मैल. त्या वेळी बस सुरू झालेली नसते. वॉर्डातली नर्स, रात्रपाळी संपवून परतणारा रेसिडेंट डॉक्टर, गोदामातला कामगार, पार्सल पोचवणारा, यांच्यापैकी कुणालाच घरी बसता येत नाही. एखादी आजी सकाळच्या इन्सुलिनसाठी वाट बघत असेल तर तिच्याकडे जाणं हा गरजेचा प्रवासच आहे. नगरपालिका मीठ टाकते ते ठरलेल्या मुख्य रस्त्यांवर. ज्या गल्लीत ती आजी राहते आणि ज्या गल्लीत ही मुलगी भाड्याच्या खोलीत राहते, त्या दोन्ही गल्ल्या बहुधा त्या यादीत नसतात. ज्यांना थांबता येत नाही, त्यांच्याच गाड्या सगळ्यात जुन्या आणि त्यांचेच रस्ते सगळ्यात निसरडे. त्यांना "काही लागत नाही" हे सांगणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

बाजाराचा मुद्दा मात्र नीट तपासायला हवा, कारण त्यात अर्धं सत्य आहे. विंटर टायरचं रबर थंडीत मऊ राहतं, त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात आणि बर्फावर त्याची पकड साध्या टायरपेक्षा खूपच चांगली असते. यात वाद नाही. सात अंशांच्या खाली साधा टायर निकामीच होतो, असं जे ठासून सांगितलं जातं, ते मात्र मला पटत नाही. सात अंश ही ढोबळ खूण आहे. थंडी वाढेल तसं साध्या टायरचं रबर हळूहळू कडक होत जातं, एका अंशावर काही कोसळत नाही. जर्मनीत हिवाळी रस्त्यावर डोंगर-हिमकणाच्या खुणेचे टायर लागतात हा कायदाच आहे. ब्रिटनमध्ये तसा कायदा नाही, आणि त्यामागे हवामानाचं साधं कारण आहे: दक्षिण इंग्लंडमध्ये डिसेंबरची दुपार अनेकदा सात-आठ अंशांचीच असते. अशा हवेत विंटर टायर झिजतो लवकर. शिवाय उरलेला संच ठेवायचा कुठे? स्लाव किंवा हाउन्स्लोमधल्या एका खोलीच्या फ्लॅटमध्ये पलंगाखाली चार चाकं मावत नाहीत.

कमी पैशांतला मार्ग वेगळा आहे. चालू टायर चांगले असतील तर ते वापरा. ते संपतील तेव्हा त्यांच्या जागी ऑल-सीझन टायर घ्या. बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण ही खूण असलेला टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला असतो. नुसतं 'एम प्लस एस' लिहिलेलं असेल तर तो कंपनीचा स्वतःचा दावा आहे, त्यामागे तशी चाचणी लागत नाही. टायर बदलायचाच असतो, तेव्हा जास्तीचा खर्च होतो तो फक्त दोन टायरमधल्या फरकाचा. आणि विमा कंपनीला काय वाटेल या भीतीने कुणी अडून राहू नये. बहुतेक कंपन्या यासाठी हप्ता वाढवत नाहीत, एक फोन करून विचारून घ्यावं.

ज्यावर खरोखर भांडायला हवं ती काटकसर दुसरीच आहे: पार्ट-वर्न, म्हणजे वापरलेले टायर. आपल्या नव्या मुलांना हा पत्ता पहिल्या महिन्यातच कुणीतरी देतं. "नव्याला साठ कशाला घालवतोस, तिथे तीस पौंडांत बसवून देतात." हा हिशेब एकदा मिलिमीटरमध्ये करून बघा. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर. म्हणजे साठ पौंडांत तुम्हाला वापरायला ६.४ मिलिमीटर मिळतात, मिलिमीटरला साडेनऊ पौंडांच्या आत. तीस पौंडांचा जुना टायर ३ मिलिमीटरचा असेल तर वापरायला उरतात १.४ मिलिमीटर, म्हणजे मिलिमीटरला एकवीस पौंडांच्या वर. स्वस्त म्हणून घेतलेला माल दुपटीहून महाग पडला. आणि पावसाळी थंडीत ३ मिलिमीटरला टायर बदलावा असं टायरच्या सुरक्षेवर काम करणारे बरेच जण सांगतात. तो निकष लावला तर हा टायर घेतला त्याच दिवशी बदलायला झालेला होता.

जुना टायर विकायलाही कायदा आहे. १९९४ च्या नियमांप्रमाणे त्यावर 'पार्ट-वर्न' असं ठळक उमटवलेलं असलं पाहिजे आणि नक्षी संपूर्ण रुंदीत किमान २ मिलिमीटर हवी. टायरसेफ ही संस्था गेली अनेक वर्षं अशा दुकानांत जाऊन टायर विकत घेऊन तपासते आहे, आणि बेकायदा माल तिला पुन्हा पुन्हा सापडत आला आहे. तरीही घ्यायचाच झाला तर बाजूच्या भिंतीवरचे चार आकडे वाचा. '२३१६' असेल तर तो २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही दिसली तरी इतक्या वर्षांचं रबर थंडीत लाकडासारखं होतं.

नक्षी मोजायला गॅरेजात जावं लागत नाही. वीस पेन्सचं नाणं खाचेत उभं घाला. नाण्याच्या कडेला जी उंचावलेली पट्टी असते ती खाचेत बुडून दिसेनाशी झाली तर टायर कायद्यात आहे. पट्टी डोळ्यांना दिसत राहिली तर टायर जाणकाराला दाखवा. हे एका जागी करून भागत नाही. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे पुढच्या चाकाची आतली कड बाहेर येते, आणि तिथेही नाणं घालून बघा. बाहेरून धडधाकट दिसणारा टायर आतल्या कडेला तारेपर्यंत झिजलेला मी स्वतः पाहिला आहे, एका नर्सच्या गाडीला, जी रोज त्याच गाडीने एम६२ या मोटारवेवर जात होती. एम६२ चा तो पट्टा इंग्लंडमधल्या सगळ्या मोटारवेंत सर्वांत उंच, ३७२ मीटरवर, आणि आमच्या यॉर्कशरकडून मँचेस्टरला जायचं तर तोच रस्ता.

गोट्या टायरची शिक्षा प्रत्येक टायरमागे २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर तीन गुण अशी आहे. दोन टायर सापडले की सहा गुण. आणि पहिली ड्रायव्हिंग टेस्ट पास झाल्यापासून दोन वर्षांत सहा गुण झाले तर १९९५ च्या नव्या चालकांच्या कायद्याने लायसन्स रद्द होतं. पुन्हा शिकाऊ लायसन्सपासून सुरुवात. भारताच्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून बारा महिनेच गाडी चालवता येते, म्हणून आपल्या मुलांनी धडपडून इथली टेस्ट दिलेली असते. त्यांचं पोट ज्या लायसन्सवर आहे ते तीस पौंडांच्या टायरपायी पणाला लावू नये.

टायरचं शेवटचं: हवा. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने कमी होते. जुलैत पंचवीस अंशांत बत्तीस भरलेली हवा जानेवारीच्या दोन अंशांत अठ्ठावीसवर आलेली असते, कुठेही पंक्चर नसताना. किती भरायची ते दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. पंपावर यंत्राला एखाद-दोन पौंड लागतात.

आता काच. पाच मिनिटं वाचवण्यासाठी लोक समोरच्या काचेवर ताटलीएवढी खिडकी खरवडतात आणि त्यातून बघत निघतात. हायवे कोडचा २२९ वा नियम स्पष्ट आहे: सगळ्या काचा, आरसे, दिवे, नंबरप्लेट साफ पाहिजेत, आणि छतावरचा बर्फही काढलेला पाहिजे, कारण तो ब्रेक मारला की स्वतःच्याच काचेवर घसरतो किंवा मागच्याच्या. खरवडणी दोन-तीन पौंडांना मिळते. किटलीतलं उकळतं पाणी ओतू नका. गार काच तडकते, आणि बारीक खडा लागलेली असेल तर हमखास. तडकलेल्या काचेच्या खर्चात पुढच्या दहा हिवाळ्यांचा डी-आयसर येईल. रात्री काचेवर पुठ्ठा किंवा आच्छादन टाकून वायपरखाली दाबून ठेवलं तर सकाळचं काम निम्मं होतं. वायपर चालू ठेवूनच गाडी बंद करण्याची सवय असेल तर ती मोडा: पहाटे किल्ली फिरवताच काचेला चिकटलेलं पातं ओढायला जाऊन फ्यूज उडतो किंवा मोटर जळते.

काच धुण्याच्या टाकीत साधं पाणी, वर भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, ही आपल्याकडची अगदी रुळलेली काटकसर. हे पाणी शून्याला गोठतं, नळ्या तुंबतात, आणि रस्त्यावरच्या मिठाचा पांढरा थर समोरच्या लॉरीने काचेवर उडवला की तुम्ही मोटारवेवर आंधळे होता. समोर खाली आलेला हिवाळी सूर्य असेल तर त्या थरावर तो असा पसरतो की पुढची गाडीही दिसत नाही. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक आहे. इंग्लंडच्या आरोग्य संरक्षण यंत्रणेने २०१० साली एक अभ्यास मांडला: टाकीत स्क्रीनवॉश न घालता नुसतं पाणी वापरणाऱ्यांना लीजनेअर्स या फुफ्फुसाच्या गंभीर आजाराचा धोका जास्त आढळला, आणि इंग्लंड-वेल्समधल्या तुरळक रुग्णांपैकी सुमारे पाचवा हिस्सा यामुळे असू शकेल असा त्यांचा अंदाज होता. कोमट साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, फवाऱ्याने ते हवेत येतात. पाच लिटर स्क्रीनवॉशला पाच-सात पौंड पडतात. यावर पैसे वाचवणं मला समर्थनीय वाटत नाही.

आतून धूसर होणाऱ्या काचेचा इलाज तर निव्वळ फुकट आहे. पेट्रोल वाचवायला थंडीत एसी बंद ठेवणारे पुष्कळ आहेत. एसी हवेतली ओल काढून घेतो. गरम हवा आणि एसी एकत्र लावले की काच मिनिटा-दोन मिनिटांत निवळते. नुसत्या हीटरने ओल्या बुटांची वाफ गाडीतच फिरत राहते. काच आतून पुसलेली असेल तर मुळात धूसर कमी होते. आणि गाडी आपोआप दिवे लावते म्हणून बेफिकीर राहू नका: अनेक गाड्यांत दिवसा पुढचे बारीक दिवे लागतात तेव्हा मागचे बंद असतात. धुक्यात मागून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. बटण स्वतः फिरवायला हवं.

बॅटरीविषयी एकच गैरसमज खोडून काढते. "काल तर चालू झाली होती" हे बॅटरीच्या तब्येतीचं प्रमाणपत्र नव्हे. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. त्यातून दोन मैलांच्या फेऱ्या, मागच्या काचेचा हीटर, सीटचा हीटर, पंखा: जितकं भरतं त्याहून जास्त जातं, आणि एका सोमवारी पहाटे साडेपाचला नुसता टक-टक आवाज येतो. स्वस्त मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचं माप घ्या. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.४ च्या खाली जाऊ लागली तर चार्जरवर लावायला हवी. तीस-चाळीस पौंडांचा चार्जर एखाद्या बॅटरीचं आयुष्य वाढवून स्वतःची किंमत वसूल करतो. शेजारच्या दोन-तीन मराठी घरांत मिळून एक घेतला तरी चालतो. बॅटरी बदलायची वेळ आलीच तर एक सावधगिरी: सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या गाडीला एजीएम किंवा ईएफबी जातीची बॅटरी लागते. तिथे चाळीस पौंड वाचवायला साधी बसवली तर ती लवकर मरते.

आणि गाडी दारात चालू ठेवून, किल्ली आत सोडून चहा प्यायला घरात जाणं थांबवा. आजच्या इंजिनाला तसं गरम करण्याची गरज नसते, रस्त्यावर विनाकारण इंजिन चालू ठेवण्यावर दंड आहे, आणि अशी गाडी चोराने नेली तर विमा कंपनी सहसा हात वर करते.

"पण एमओटी झाली आहे ना!" हे उत्तर मी अनेकदा ऐकते. एमओटी, म्हणजे गाडीची दरवर्षीची सक्तीची तपासणी, त्या एका दिवसाची अवस्था सांगते. मार्चमध्ये १.८ मिलिमीटरवर पास झालेला टायर नोव्हेंबरात बेकायदा झालेला असतो. बॅटरीत किती जीव उरला आहे, कुलंटमध्ये अँटिफ्रीझचं प्रमाण किती आहे, हे एमओटीत बघत नाहीत. उन्हाळ्यात कुलंट कमी झालं म्हणून नळाचं पाणी ओतलं असेल तर ते पातळ झालेलं असतं. अर्धं अँटिफ्रीझ आणि अर्धं पाणी हे मिश्रण उणे पस्तीसपर्यंत टिकतं, नुसतं पाणी शून्यालाच गोठतं. मागच्या एमओटीतल्या सूचना सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर घालून कुणालाही फुकट वाचता येतात. तिथे 'टायर मर्यादेजवळ' असं लिहिलेलं असूनही न वाचलेले किती असतील! ब्रेकडाउन कव्हरचंही तेच. साध्या कव्हरमध्ये घराच्या दारातच बंद पडलेली गाडी बहुतेकदा येत नाही, त्याला होम स्टार्ट वेगळं घ्यावं लागतं, आणि थंडीच्या लाटेत मदत यायला तास न् तास लागतात.

डिकीतल्या पेटीचा मुद्दा मी थोडक्यात संपवते. विकतची पेटी घेऊ नका. टॉर्च, जुनी गोधडी, पाण्याची बाटली, बिस्किटांचा पुडा आणि फोनचा चार्जर घरातूनच जमतात, जम्प लीड तेवढ्या दहा-पंधरा पौंडांच्या. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर २०१० ला एम८ वर लोक रात्रभर गाड्यांत अडकले, त्यावरून तिथले वाहतूकमंत्री स्ट्युअर्ट स्टीव्हन्सन यांना राजीनामा द्यावा लागला. ते उत्तरेकडचं झालं म्हणणाऱ्यांनी मार्च २०१८ आठवावा: दक्षिण इंग्लंडमध्ये हॅम्पशरच्या ए३१ रस्त्यावर शेकडो गाड्या रात्रभर अडकून पडल्या होत्या. काकांचे ते दोन दिवस असे येतात. लोक सकाळी निघतात तेव्हा रस्ता मोकळा असतो.

एक गोष्ट मी मान्य करते. इन्व्हर्नेसच्या पलीकडे, केर्नगॉर्मच्या परिसरात किंवा कम्ब्रियाच्या खेड्यात नोकरी लागली असेल तर माझं हे स्वस्त गणित पुरेसं नाही. केर्नगॉर्ममधल्या ब्रेमारला उणे २७.२ अंशांची नोंद आहे, १८९५ ला आणि पुन्हा १९८२ ला. तिथे विंटर टायरचा खर्च हा नोकरीचाच खर्च समजावा आणि शेजारी काय वापरतात ते विचारून घ्यावं. पण आपली बहुसंख्य माणसं लंडनभोवती, लेस्टर-बर्मिंगहॅममध्ये, मँचेस्टर-लीड्सच्या पट्ट्यात राहतात, आणि हा लेख त्यांच्यासाठी आहे.

खर्चाचा क्रम माझ्या मते असा हवा: पहिले चाळीस पौंड हवा, स्क्रीनवॉश, खरवडणी, वायपरची पाती आणि डी-आयसर यांवर. पुढचे पैसे जमतील तसे सर्वांत झिजलेल्या दोन टायरवर, तेही नव्या. नंतर बॅटरी. बाकी सगळं त्यानंतर.

"तेवढेही नाहीत" असं म्हणणाऱ्या केअर वर्करला मी शेवटचं उत्तर देते, कारण तिचे पैसे बहुधा दुसऱ्याकडे पडून आहेत. एका घरातून दुसऱ्या घरी जाण्यासाठी स्वतःची गाडी वापरली तर पहिल्या दहा हजार मैलांना मैलामागे ४५ पेन्स हा २०११ साली ठरलेला करमाफीचा दर आहे, आणि त्यात पेट्रोलबरोबर टायरची झीजही धरलेली आहे. मालकाने मैलाला २५ पेन्सच दिले तर उरलेल्या २० पेन्सवर करात सूट मागता येते. वर्षाला पाच हजार मैल झाले तर ही रक्कम हजार पौंड होते, आणि वीस टक्के कराच्या हिशेबाने दोनशे पौंड परत मिळतात. घर ते पहिलं काम हा प्रवास यात धरत नाहीत, मधले मैल धरतात. मागच्या चार करवर्षांपर्यंतचा दावा करता येतो. त्यासाठी तारीख, कुठून कुठे आणि मैल एवढी नोंद लागते, ती ड्युटीच्या रोस्टरवरूनही काढता येते. मंडळांनी दिवाळीच्या कार्यक्रमात एक टेबल या अर्जासाठी मांडावं, आणि तो भरायला त्याच काकांना बसवावं. त्यांना इथल्या कागदपत्रांची पंधरा-वीस वर्षांची सवय आहे.